जुन्या हॅचबॅकचं मागचं सस्पेन्शन: आधी बुश, मग शॉकअप, शेवटी कडकपणा

प्रकरणातली गाडी तिच्या वर्गातली अगदी ठरावीक आहे: पुढच्या चाकांना ड्राइव्ह, रिकामं वजन सुमारे ९५० किलो, मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागच्या चाकांचे आर्म जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई; ती पुढे बुशांनी, म्हणजे नळीभोवती रबर असलेल्या सांध्यांनी, बॉडीला जोडलेली असते), आर्मवर बसलेली कॉइल स्प्रिंग, शेजारी वेगळा उभा शॉकअप आणि ड्रम ब्रेक. वय १८ वर्षं, धाव दीड लाख किलोमीटरच्या पुढे. मागचं सस्पेन्शन कारखान्यातून आलं तसंच, एकदाही न उघडलेलं.

तक्रारी तीन होत्या. लेन बदलताना पुढचा भाग लगेच वळतो, मागचा मात्र क्षणभर मागे राहतो आणि मग एकदम बाजूला बसतो. खडबडीत वळणावर मागची चाकं उड्या मारत बाहेर सरकतात. चार माणसं आणि सामान भरलं की प्रत्येक गतिरोधकावर मागून ठोका बसतो. मालकाच्या डोक्यात उपाय ठरलेला होता: ४० मिमी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार (गाडीचं वळणात झुकणं कमी करणारी दांडी). गाडी सुधारायची इच्छा रास्त होती, पण उपायांचा क्रम उलटा होता. पहिल्या तक्रारीचा स्प्रिंगशी जवळजवळ काही संबंध नव्हता.

तपासणीत काय दिसलं

सुरुवात टायरपासून. मागच्या टायरवरून तळहात फिरवला तर ठरावीक अंतराने उंचवटे आणि खोलगट जागा लागत होत्या. असं खवल्यांसारखं झिजणं म्हणजे चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उसळत राहतं. संशय शॉकअपवर जातो. टो (चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय तो कोन) बिघडला असेल तर झीज वेगळी दिसते: ट्रेडच्या ठोकळ्यांना एका बाजूला धार येते आणि हात एका दिशेला गुळगुळीत, उलट दिशेला खरखरीत लागतो. गाडीचा कोपरा दाबून ती किती वेळा डुलते ते पाहण्याच्या चाचणीवर फार विसंबू नये. निम्मं बळ गेलेला शॉकअपही त्यात बऱ्याचदा पास होतो, कारण हाताने दिलेला हेलकावा फार संथ असतो.

डाव्या शॉकअपच्या अंगावर नुसता तेलाचा ओलावा होता. एवढ्यावरून तो बाद ठरत नाही. उजव्यावर मात्र तेल खालच्या डोळ्यापर्यंत (बोल्टच्या भोकापर्यंत) ओघळून त्यावर मातीचा थर बसला होता. दोन्हीकडचे बंप स्टॉप (चाक पूर्ण वर गेलं की धक्का झेलणारी रबरं) बोटांत धरताच भुगा होऊन पडले. भरलेल्या गाडीचा ठोका तिथून येत होता: रबर उरलंच नव्हतं, लोखंडावर लोखंड आपटत होतं.

मग उंची. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत डावीकडे ३५२ मिमी, उजवीकडे ३४३. उजवी स्प्रिंग खालच्या कपातून हलवून पाहिली तर शेवटचा वेटोळा तुटून कपातच पडलेला. तिथे पाणी आणि माती साचते, रंग उडतो, गंज चढतो आणि तार तिथेच तुटते. तुकडा कपात राहत असल्यामुळे खालून नुसतं डोकावून ते कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाची खूण अलाइनमेंटच्या कागदावर होती. मागे डावा टो +२३ मिनिटं, उजवा −५ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग; + म्हणजे तोंड आत, − म्हणजे बाहेर). बेरीज १८ मिनिटं, म्हणजे या गाडीच्या २० ± १० या मर्यादेत. बेरीज बरोबर, वाटणी चुकीची. याचा अर्थ बीम वाकलेला नाही आणि चाकाचा स्टब अ‍ॅक्सलही (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) वाकलेला नाही. तसं असतं तर बेरीजच बिघडली असती. अख्खा बीम गाडीखाली तिरका बसला आहे, साधारण १४ मिनिटांनी. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित वाकडं धरावं लागत होतं ते त्याच्यामुळे.

गाडी स्टँडवर घेऊन बीमच्या पुढच्या बुशपाशी पहार लावली. डावा बुश जेमतेम हलला. उजव्याची आतली नळी रबर सोडून चार-पाच मिमी पुढेमागे सरकली आणि फटीतून तांबूस भुकटी पडली. दोन बुशांमधलं अंतर सुमारे ११०० मिमी आहे. एक बाजू ४ मिमी सरकली की बीम १३ मिनिटांच्या आसपास फिरतो. कागदावरचा आकडा आणि पहारीखालची फट एकमेकांशी जुळली.

बुश गेला की शेपूट उशिरा का बसते

वळणात मागच्या टायरवर येणारा बाजूचा जोर बुशच्या बराच मागे लागतो. त्या जोराने बीम बुशवर किंचित फिरतो आणि दोन्ही मागची चाकं वळणाच्या बाहेर तोंड करतात. म्हणजे मागचा भाग आपण होऊन बाहेर निघायला बघतो. ट्विस्ट बीमचा हा जन्मजात स्वभाव आहे आणि डिझायनर तो बुशच्या आकाराने, तिरक्या बसवणीने, रबरातल्या पोकळ्यांच्या दिशेने आवरतात. रबर फाटलं की हा आवर संपतो. स्टिअरिंग फिरवल्यावर आधी बुशमधली मोकळी जागा भरून निघते, मग टायरवर जोर येतो. चालकाला जाणवणारा तो क्षणभराचा उशीर आणि नंतरचा झटका हाच.

यात वर २० टक्के कडक स्प्रिंग घातली तर बॉडीचं डुलणं कमी होईल, झटका मात्र तसाच राहील, उलट जास्त टोचेल. म्हणून बुश पहिला.

कोणता बुश घ्यायचा

इथे पॉलियुरेथेनचा (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचा, थोडक्यात पॉलीचा) मोह सगळ्यांना होतो. पुढच्या खालच्या आर्मवर किंवा अँटी-रोल बारच्या क्लॅम्पवर पॉली ठीक चालतं. ट्विस्ट बीमच्या मुख्य बुशला मात्र नुसतं गोल फिरायचं नसतं. एक चाक वर, एक खाली जातं तेव्हा बीम पिळला जातो आणि बुशला शंकूसारखं तिरकंही व्हावं लागतं. कडक पॉली तिथे अडतं. अडलेला बुश जास्तीच्या अँटी-रोल बारसारखा वागतो, तोही मोजता न येणारा: कधी चिकटतो, कधी सुटतो. शिवाय पोकळ्या आणि तिरकेपणा यांतून मिळणारी टोची दुरुस्ती संपते. या कामात मूळ आकाराचे, पोकळ्या असलेले रबरी बुश घेतले. त्याच आकारात थोडं कडक रबर मिळत असेल तर तेही चालेल.

स्प्रिंगचा हिशेब

स्प्रिंग दिसण्यावरून निवडू नये, आकड्यावरून निवडावी. मूळ स्प्रिंगची तार ११ मिमी, वेटोळ्यांचा सरासरी व्यास ९९ मिमी, कामाचे वेटोळे ६. यावरून तिचा कडकपणा सुमारे २५ न्यूटन प्रति मिमी निघतो. व्यास आणि वेटोळे तेच ठेवून तार ११.५ मिमी घेतली की तो ३० च्या जवळ जातो. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरने सुमारे २० टक्के फरक पडतो.

बुशपासून स्प्रिंग ३३० मिमीवर, चाक ४०० मिमीवर. गुणोत्तर ०.८२५, त्याचा वर्ग ०.६८. चाकापाशी जाणवणारा कडकपणा मूळ स्प्रिंगचा १७ आणि नव्या स्प्रिंगचा २०.४ न्यूटन प्रति मिमी. एकट्या चालकासह मागच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंगने तोललेलं वजन १७० किलो धरलं तर मागच्या भागाची नैसर्गिक कंपनसंख्या १.५९ हर्ट्झवरून १.७४ वर जाते. रस्त्यावरच्या गाडीला हे पेलतं.

४० टक्के कडक का नाही, याचं उत्तर मोकळ्या लांबीत आहे. गाडी उभी असताना स्प्रिंगवर सुमारे २०२० न्यूटन भार येतो. २५ ची स्प्रिंग त्याखाली ८१ मिमी दबते, ३० ची ६७, ३५ ची ५८. चाक पूर्ण खाली लोंबलं की या गाडीत स्प्रिंगची जागा ६६ मिमीने वाढते. म्हणजे ३० ची स्प्रिंग तेव्हाही जेमतेम मिलिमीटरभर दाबून राहते. ३५ ची मात्र ८ मिमी सैल पडेल, कपात खडखडेल, आणि मोठ्या उडीनंतर तिरकी बसू शकेल. या गाडीसाठी ३० ही व्यवहारातली वरची मर्यादा आहे. दुसऱ्या गाडीसाठी हेच गणित पुन्हा मांडावं लागेल. आकडे उचलून चालणार नाहीत.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. नवी स्प्रिंग मूळ उंचीवर बसवायची तर तिची मोकळी लांबी सुमारे १४ मिमी कमी हवी. कडक स्प्रिंग त्याच लांबीची घातली तर मागचा भाग चाकापाशी १६ मिमी वर उचलला जातो.

गाडी खाली का बसवली नाही

उभ्या गाडीत बंप स्टॉप लागायला चाकाला ६० मिमी प्रवास आहे. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान आलं की प्रत्येक चाकावर आणखी ११५ किलो येऊ शकतात. त्याने मूळ स्प्रिंग ६६ मिमी बसते, म्हणजे गाडी स्टॉपवरच टेकते. नवी ५५ मिमी बसते आणि ५ मिमी मोकळे राहतात. गाडी ४० मिमी खाली बसवली तर मूळच्या ६० पैकी २० मिमीच उरतात आणि पाच जणांची गाडी दोन जणांची होते. वळणात असताना मागचं बाहेरचं चाक स्टॉपवर गेलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकाएकी कित्येक पटींनी वाढतो, टायर सुटतो आणि शेपूट सरकते. खडबडीत वळणावरची दुसरी तक्रार बऱ्याच अंशी याच जातीची होती.

वेटोळे कापणं तर पूर्णच बाद. कापलेलं टोक कपात सपाट बसत नाही, लांबी मनमानी कमी होते आणि चाक लोंबलं की स्प्रिंग मोकळी.

शॉकअप

स्प्रिंग २० टक्के कडक केली की तिला आवरायला लागणारं डॅम्पिंग सुमारे १० टक्के वाढतं, कारण ते वर्गमुळाच्या हिशेबाने चालतं. त्यामुळे मूळ प्रकाराच्या, पण एक पायरी कडक सेटिंगच्या गॅसभरल्या ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकअपची जोडी पुरते. उंची तीच असल्यामुळे लांबीही मूळचीच. खूप कडक शॉकअप घेतला तर छोट्या खड्ड्यांवर चाक रस्ता सोडतं आणि रिबाउंड (उघडताना होणारा विरोध) अति असेल तर लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी हळूहळू खाली बसत जाते, कारण स्प्रिंगला उघडायला वेळच मिळत नाही. जोडीनेच बदलायचे, एक नवा आणि एक जुना ठेवणं म्हणजे डावीकडे एक गाडी, उजवीकडे दुसरी.

सामानाची यादी अशी झाली: बीमचे बुश २, त्यांचे नवे बोल्ट-नट, स्प्रिंगा २, स्प्रिंगची वरची-खालची रबरं दोन्हीकडची, शॉकअप २, वरचे माउंट २, बंप स्टॉप आणि धूळरोधक २-२, शॉकअपच्या खालच्या बोल्टचे नवे नट.

प्रत्यक्ष काम

बुशचे बोल्ट आदल्या दिवशीच गंज सोडवणाऱ्या स्प्रेने भिजवून ठेवावेत. ते आतल्या लोखंडी नळीत गंजून धरतात. बोल्ट फिरतोय पण सोबत रबरही पिळतंय असं दिसलं तर जोर थांबवावा. बॉडीत वेल्ड केलेला नट निसटला की अर्ध्या दिवसाचं काम आठवड्याचं होतं. बोल्ट थोडा सोडून थोडा आवळायचा, पुन्हा स्प्रे, पुन्हा थोडा. नाहीच सुटला तर नळीच्या दोन्ही कडांना कापायचा.

गाडी बॉडीच्या मजबूत जागी स्टँडवर, बीमखाली जॅक. हँडब्रेक केबलच्या क्लिपा सोडल्या, ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते पाहिलं, लोड-सेन्सिंग व्हॉल्व्हची (भार पाहून मागचा ब्रेक जुळवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग बीमवरून काढली. या रचनेत चाक किती खाली लोंबेल हे शॉकअपच ठरवतो. त्यामुळे खालचा बोल्ट काढण्याआधी जॅकने आर्म तोलून धरलेला असलाच पाहिजे. मग हळू खाली घेतला की स्प्रिंगा हातात येतात.

शॉकअपचा वरचा नट सोडता-आवळताना इम्पॅक्ट गन नको. दांडा आत गरगरतो आणि सील खराब होतं. दांड्याचं टोक अ‍ॅलन कीने धरून पान्याने फिरवायचं. दांडा पकडीने धरला तर क्रोमवर ओरखडा उठतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळायला लागतो.

बुश काढण्याआधी पोकळ्यांची दिशा आर्मवर रंगाने खुणावून घेतली. हे चुकलं तर बुश तिथे बसतो, दिसतोही छान, आणि पुढेमागे मऊ असायचा तो बाजूला मऊ होतो. जुना बुश स्क्रूच्या पुलरने ओढून काढला. गॅसच्या ज्योतीने रबर जाळून काढायची पद्धत इथे धोक्याची, कारण ब्रेकची नळी आणि पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असतात. नवा बुश साबणाच्या पाण्यावर दाबला. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये. रबर फुगून मऊ पडतं.

नवे शॉकअप बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडले. आडव्या खोक्यात राहिल्याने आतल्या कामाच्या नळीत गॅस शिरतो. तो बाहेर गेला नाही तर पहिले काही दिवस शॉकअप पोकळ वाटतो आणि खटखट करतो. स्प्रिंगचं टोक कपातल्या खाचेला टेकवून मग बीम वर उचलला.

बुशचे बोल्ट लोंबत्या बीमवर कधीच पक्के आवळू नयेत. रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. चाक ८० मिमी खाली असताना आर्म साधारण साडेअकरा अंश खाली झुकलेला असतो. तिथे आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम तेवढं पिळलेलं राहतं, उंची किंचित चढी दिसते आणि बुश लवकर फाटतो. इथे आर्मखाली जॅक लावून चाकाचा मध्य ते फेंडर हे अंतर ३५२ मिमीवर आणलं, दोन्हीकडे, आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला बोल्ट आवळले. शॉकअपचा खालचा बोल्टही याच उंचीवर.

लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह

हा भाग सर्रास विसरला जातो आणि थेट ब्रेकशी निगडित आहे. व्हॉल्व्ह बीम आणि बॉडीतलं अंतर पाहून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी खाली बसवली तर त्याला वाटतं मागे माणसं बसली आहेत. तो दाब वाढवतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात. उलट कडक स्प्रिंगने भरलेली गाडी कमी बसते आणि मागचा ब्रेक थोडा कमी मिळतो. उंची मूळचीच ठेवल्याने इथे मोठा फरक पडला नाही, तरी मॅन्युअलप्रमाणे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची लांबी मोजून जुळवली.

काम झाल्यावर

उंची दोन्हीकडे ३५१ आणि ३५२. मागचा टो डावा +१०, उजवा +८ मिनिटं. बेरीज तीच १८, पण बीम आता सरळ. काम सुरू होण्याआधी उजव्या स्टब अ‍ॅक्सलखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून टो जुळवायचा सल्लाही मालकाला मिळालेला होता. १०० मिमी अंतरावरच्या बोल्टांमध्ये ०.३ मिमीची शिम १० मिनिटांचा फरक करते, त्यामुळे कागदावर आकडे बसले असते. फाटका बुश तसाच राहिला असता आणि नवा बुश घातला त्या दिवशी टो पुन्हा चुकला असता.

लेन बदलतानाचा उशीर गेला. पुढचा आणि मागचा भाग एकत्र वळतात. खडबडीत वळणावर मागची चाकं टेकून राहतात आणि भरलेल्या गाडीचा ठोका थांबला. रिकाम्या गाडीत लहान खड्डे आधीपेक्षा थोडे जास्त जाणवतात. कडक स्प्रिंगची ती किंमत आहे आणि मालकाला ती आधीच सांगितलेली होती.

अँटी-रोल बार घातला नाही. बाजूला झुकण्याला मागून होणारा विरोध, बीमचा पीळ धरून, पूर्वी अंदाजे ४५० न्यूटन-मीटर प्रति अंश होता, पुढून ६००. मागचा वाटा ४३ टक्के. नव्या स्प्रिंगांनी तो ४६ च्या आसपास गेला. वर १५० चा बार घातला तर ५२ होतो. एवढ्या हलक्या मागच्या भागाला हे फार आहे. कोरड्या रस्त्यावर गाडी चपळ वाटेल, पण ओल्या वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट पुढे येईल, आणि अशा जुन्या गाडीत ती आवरायला इलेक्ट्रॉनिक मदत नसते. पुढचे बुश, टायर आणि हवेचा दाब ठीक असूनही गाडी वळणात पुढून बाहेर ढकलत राहिली तरच बारीक बारचा विचार करावा. चांगल्या टायरची जोडी तेव्हाही मागेच हवी.

५०० किलोमीटरनंतर शॉकअपचे वरचे नट आणि बुशचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत, उंची पुन्हा मोजावी. नव्या स्प्रिंगा दोन-चार मिमी बसतात. याच वेळी खटखट आली तर आधी हँडब्रेक केबलची सुटलेली क्लिप आणि स्प्रिंगचं खाचेतून सरकलेलं टोक पाहावं, शॉकअपला दोष नंतर. खवल्यांसारखे झिजलेले जुने टायर मात्र या दुरुस्तीने सपाट होत नाहीत. ते गुणगुणत राहतात आणि लोक बेअरिंग बदलून बसतात. या गाडीत चाक हाताने फिरवून बेअरिंग निर्दोष असल्याची खात्री करून घेतली आणि मागचे दोन्ही टायर बदलले.